मगदूम अण्णांच्या दगडातलं नेचं

“बाई, ह्ये झाड किती वर्साचं आसंल?” मगदूम अण्णांनी टेबलावरच्या दगडाकडे बोट करून विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या हेड सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. सरांची चप्पल जाड चामड्याची होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी बॉटनी शिकवत होते. माझा विषय पेलिओबॉटनी, म्हणजे दगड झालेल्या झाडांचा अभ्यास. अण्णांची कागलच्या अलीकडे दगडाची खाण होती. तिथं एक मोठा दगड भेगेवर फुटला आणि आत काळंभोर नेचं, म्हणजे फर्न, छापल्यासारखं निघालं. देठ, फांद्या, पानं, सगळं कसं रेखीव! अण्णा नवा बंगला बांधत होते. दगड दर्शनी भिंतीत बसवायचा आणि वास्तुशांतीला मी चार लोकांत सांगायचं की हे कोट्यवधी वर्षांपूर्वीचं झाड आहे, असा बेत होता. त्याबदल्यात ते आमच्या डिपार्टमेंटला दगड कापायचं मशीन देणार होते.

त्या मशीनसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. दगड झालेलं लाकूड ओळखायचं तर त्याचा कागदाहून पातळ काप काढावा लागतो. उजेड आरपार गेला पाहिजे. मगच मायक्रोस्कोपखाली लाकडाची आतली रचना दिसते. मशीन नसल्यामुळे मी काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून हातानं दगड घासत बसायचे. बोटांची सालं निघायची आणि काप होत आला की नेमका तुटायचा. माझी पीएच.डी. त्या घासण्यात अडकली होती.

अण्णा गेल्यावर मी सरांना म्हटलं, “सर, ते झाड नाही. डेंड्राइट आहे.”

“म्हणजे?”

“दगडाच्या भेगेत पाणी झिरपतं. त्यातलं मँगनीज पसरत पसरत असं नक्षीसारखं साचतं. आणि हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तापलेल्या लाव्ह्यात कुठलं नेचं टिकणार?”

सर बुरशीचे तज्ज्ञ. दगडाशी त्यांचा संबंध मुतखड्यापुरता.

“पण फर्नसारखं दिसतंय की नाही?”

“दिसतंय.”

“मग तेवढंच सांगा की! ‘दिसतंय’ म्हणा, ‘आहे’ म्हणू नका. मशीन येऊ दे, मग बसा शास्त्र करत.”

मला मोह झाला नाही असं नाही. चांगलाच झाला. पण वास्तुशांतीच्या पंगतीत एखादा भूगोलाचा मास्तर निघाला असता तर माझी काय शोभा झाली असती? शिवाय खोटं सांगून आणलेल्या मशीनवर खऱ्याचा अभ्यास करायचा, हे काही पटेना.

दुसऱ्या दिवशी दोन काचा आणि एक खरा नमुना पिशवीत घालून मी थेट खाणीवर गेले. क्रशरपाशी ग्रीसचा डबा होता.

“अण्णा, तुम्हाला एक झाड उगवून दाखवते.”

एका काचेवर ग्रीसचा गोळा ठेवला. वर दुसरी काच दाबली आणि हळूच उचलली. दोन्ही काचांवर देठ, फांद्या, पानं हजर!

“आयला! ह्ये तर आमचंच झाड की!” अण्णांनी काच उजेडात धरली. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजे आमी डागाला नारळ फोडला म्हणा की.”

मला फार वाईट वाटलं. मशीन गेलं, हेही त्याच क्षणी कळलं.

“मग खरं कसलं असतंय?”

मी पिशवीतला तपकिरी तुकडा काढून दिला.

“ह्ये? ह्ये तर चुलीम्होरं पडल्यालं ढलपं!”

“नागपूरच्या पलीकडचं आहे. लाव्ह्याचा एक थर निवला की दुसरा यायला खूप काळ जायचा. मधल्या काळात तिथं तळी होती, काठाला ताडाच्या जातीची झाडं होती. झाड पाण्यात पडलं आणि लाकडाच्या कणाकणात दगड भरला. आज तिथं उन्हाळ्यात अंग भाजतं. तेव्हा हवा दमट, उबदार होती, हे या ढलप्यानं सांगितलं. आणि आतली रचना बघाल तर आजच्या ताडासारखीच. एवढ्या कोट्यवधी वर्षांत त्याला फारसं बदलावंसं वाटलं नाही.”

“आमच्या व्याह्यांवानीच म्हणा की,” अण्णा म्हणाले आणि एकदम थांबले. “बाई, कागलला आमच्या व्याह्यांनी दारात आसलाच दगुड बशिवलाय. झाडाचा म्हणून. साळंची पोरं बघाय येत्यात. त्यो बी न्हाय?”

“कुठला दगड?”

“आमच्याच खाणीतला.”

“मग तोही नाही.”

अण्णांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, त्यांना ऐकू नीट आलं नसावं.

“चला, बसा जीपमदी. त्यो ग्रीसचा डबा बी घ्या.”

“अहो अण्णा, कुणाच्या दारात जाऊन असं बरं दिसतं का?”

“शास्त्र सांगायला कसली लाज वो?”

डबा घेऊन गेले. व्याह्यांच्या सोप्यात, हार घातलेल्या दगडासमोर, मी पुन्हा काचेवर झाड उगवलं. व्याह्यांनी काचेकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं.

“चा घेनार न्हवं?” त्यांनी विचारलं.

अण्णांनी दोनदा घेतला.

मशीन त्याच महिन्यात आलं. सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “शेवटी काय सांगितलंत त्यांना?”

“खरं ते.”

“आणि तरी मशीन दिलं?”

सरांचा यावर रिटायर होईपर्यंत विश्वास बसला नाही. माझी पीएच.डी. झाली. पुढे मीही हेड झाले आणि नव्या लेक्चररना एकच सांगत आले. देणगीदाराला नेहमी खरंच सांगावं. फक्त ते खरं त्याच्या व्याह्यालाही लागू पडतंय का, एवढं आधी बघून घ्यावं.