मॅथ्स बी, बायो बी

दहावीचा निकाल आपण लावतो, हा बोर्डाचा गैरसमज आहे. निदान आमच्या कामठ्यात तरी तो माझे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, लावतात. ज्या घरी पोरगं पास झालं त्या घरासमोर संध्याकाळच्या आत त्यांची स्कूटर उभी. बोलावणं लागत नाही. आधी पेढा खातात, मग पोराचं कपाळ निरखतात आणि कपाळ कसंही असलं तरी एकच सांगतात, "सायन्स. मॅथ्स बी ठेवजो, बायो बी ठेवजो. इंजिनिअर नाही झाला तं डॉक्टर होशील." पोराला काय हवं, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. एकदा सडक अर्जुनीला एका तेरवीत, बाप गेलेल्या मुलाच्या शेजारी बसून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "बायो सोडलं तं नाही ना बापा?" तो मुलगा बारावीत दोनदा आपटला आणि आता हायवेवर बापाचा ढाबा चालवतो. फुफाजी तिथे हक्काने चहा पितात आणि बरोबरच्यांना सांगतात, "पाया पक्का आहे पोराचा."

स्वतः फुफाजी बी.ए. त्यांच्या वेळी जवळच्या कॉलेजात आर्ट्सच होतं, त्यांना कोणी विचारलं नाही. त्याचा सूड त्यांनी आमच्या अख्ख्या पिढीवर उगवला. मीही बी.एस्सी. करून मोबाइलचं दुकान चालवतो, पण माझ्यापुरतं मी हसून घेतो. मनीषाचं हसण्यावारी नेता येत नाही. मनीषा त्यांची एकुलती एक मुलगी. तिला इतिहास घ्यायचा होता. दरेकशाच्या गुहांकडे शाळेची सहल गेली की बाकीच्या पोरी फोटो काढायच्या, ही तिथल्या म्हाताऱ्यांना जुन्या गोष्टी विचारत बसायची. फुफाजींनी तिचं नाव हजेरी न मागणाऱ्या एका कॉलेजात घातलं आणि तिला नागपूरला क्लासला धाडलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी ती स्वतःच्याच कॉलेजात पहिल्यांदा गेली, तर शिपाई म्हणाला, "कोनाले भेटाचं आहे?" हा किस्सा फुफाजी लग्नकार्यात रंगवून सांगायचे. मेडिकलची परीक्षा तिने तीनदा दिली, तिन्ही वेळा मार्क कमी पडले, तेव्हा सांगणं बंद झालं. आता ती घरी असते आणि सल्ला विचारायला येणाऱ्यांना चहा करते. मला याचा राग आहे आणि तो जायचा नाही.

यंदा शेजारची मुलगी आईबरोबर पेढे घेऊन त्यांच्या घरी आली. मीही तिथेच होतो. फुफाजींनी पेढा खाल्ला, कपाळ पाहिलं आणि म्हणाले, "तुले काय आवडते वं?"

पोरगी घाबरलीच. आईकडे बघत म्हणाली, "भूगोल."

"मंग तेच घे."

आईचा चेहरा पडला. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याचा गळा धरावासाही वाटला. मायलेकी गेल्यावर मनीषा चहा घेऊन बाहेर आली. तिने आतून सगळं ऐकलं होतं.

"मले काऊन नाही विचारलं, बाबा?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ज्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला लांबलचक उत्तर तयार असायचं, तो खाली बघत म्हणाला, "तवा सुचलंच नाही, बाई."

चहा फार गरम होता, म्हणून तिने त्यांच्यासाठी तो बशीत ओतला.