कौलाला हात लावायचा नाही

"यो सायेब टिकनारा हाय का?"

नवे न्यायाधीश खुर्चीत बसले की ती म्हातारी दारातूनच मला विचारायची. बाजारात मासळीचे कल्ले बघावेत तशी साहेबांना निरखायची आणि मागच्या बाकावर जाऊन बसायची. नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका दिवाणी कोर्टात स्टेनो होतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती शहाणीच होती, पण तिला चढावी लागली.

तिचं घर तुर्भ्याला, कौलारू. मिठागरावर राबून नवऱ्याने बांधलेलं. ते आपल्या हद्दीत येतं म्हणून शेजारचा कारखानदार पाडायला निघाला, तेव्हा तिने दावा लावला. घर पाडू नये, एवढंच मागणं. निकाल लागेपर्यंत सगळं 'जैसे थे' ठेवा, असा हुकूम झाला. तिच्या वकिलाने समजावलं, आता कोणीही कशाला हात लावायचा नाही. कारखानदाराने हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं आणि तिच्या मागच्या भिंतीला खेटून शेड उभी केली. तिने मात्र ते खरं मानलं.

गावातले लोक कोणाला न विचारता मजल्यावर मजले चढवत होते. ही फुटलेलं कौलही बदलेना. मुलगा शिडी घेऊन निघाला, तर तिने शिडी हिसकावून घेतली. म्हणाली, "सायबाची आन हाय."

हुकूम देणारे पहिले साहेब फार सज्जन. युक्तिवाद पूर्ण ऐकला, निकालाची तारीख दिली आणि त्याआधीच त्यांची बदली झाली. दुसऱ्यांना सगळं पहिल्यापासून ऐकवावं लागलं. ते डोळे मिटून ऐकायचे. साहेब चिंतन करतात असं वकील म्हणायचे. मी जवळ बसायचो, मला घोरणं ऐकू यायचं. तिसऱ्यांना तडजोडीचा सोस. थोडं तुम्ही सोडा, थोडं ते सोडतील, असं त्यांनी सांगितल्यावर तिने विचारलं, "अर्धा घर कनचा देऊ, चुलीचा का देवाचा?" साहेब खूप हसले. आपल्या निरोप समारंभात त्यांनी हा किस्सा सांगितला, टाळ्याही पडल्या. ती दारात उभी होती. तिलाही पेढा मिळाला.

चौथ्यांना तिने स्वतःच विचारलं, "सायबा, पानी चुलीवर येतंय. कौला बदलू का?" साहेब मऊ आवाजात म्हणाले, "अर्ज करा, आजी." अर्ज झाला. कारखानदाराच्या वकिलाने उत्तराला मुदत मागितली, मग पुन्हा मागितली. साहेबांना बढती मिळाली. न राहवून मी तिला बाहेर गाठलं आणि चार कौलं बदलल्याने कोणी फासावर देत नाही, असं सांगितलं. ती माझ्यावरच उखडली. "तू कोरटाचा मानूस ना? मंग असा शिकवतस?"

त्या पावसाळ्यात वासे कुजून मागची भिंत बसली आणि तिच्यापाठोपाठ सगळं घर. ती शेजारी गेली होती म्हणून वाचली.

पाचवे साहेब कामाला वाघ. जुनी प्रकरणं निकाली काढायचा त्यांनी चंगच बांधला होता. कारखानदाराने अर्ज दिला, की दावा घर पाडू नये म्हणून आहे आणि घर तर उरलेलंच नाही. तिचा वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होता. साहेबांनी चार ओळी सांगितल्या, मी उतरवून घेतल्या. दावा संपला, त्याबरोबर 'जैसे थे'ही उठलं. आता ती जागा कारखानदार कधीही घेणार, हे मला दिसत होतं. कायद्याच्या भाषेत त्या चार ओळींत कुठेही खोट काढता आली नसती. त्याचीच मला आजही शिसारी येते.

ती बाकावरून उठली. साहेबांना हात जोडले आणि माझ्या टेबलाशी आली. तोंडभर हसत होती. इतक्या वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"लागला ना रं निकाल?" तिने हळूच विचारलं. "आता भित बांधली तर चालंल?"

पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला होता. मी वहीचं नवं पान उघडलं. ती तशीच हसत उत्तराची वाट बघत उभी होती, शेवटी पट्टेवाल्याने तिला दंडाला धरून बाहेर नेलं.