परतीचा ड्रेस

अक्षता परबच्या ब्लॉगवर दोन वर्षांत एकशे बारा ड्रेस झळकले होते आणि त्यातला एकही तिचा नव्हता. हे तिच्याखेरीज फक्त श्रुतिकाला, तिच्या मैत्रिणीला, ठाऊक होतं. श्रुतिका मालाडच्या बुटिकांतून कपडे मागून आणायची, तिच्या गच्चीवर फोटो निघायचे आणि संध्याकाळी कपडे आल्या वाटेने परत जायचे. आईला मात्र अक्षताने सांगून ठेवलं होतं की दुकानवाले कपडे देऊनच टाकतात, आपल्याकडे जागा नाही म्हणून ते श्रुतिकाकडे असतात. थाप मारायला जीभ लागते, सांभाळायला अख्खा माणूस लागतो. मरोळच्या ऑफिसात आठवडाभर राबून ही पोर रविवारी थाप सांभाळायची.

त्या रविवारी श्रुतिका चुलतभावाच्या लग्नाला रत्नागिरीला गेली आणि पहिल्यांदाच ड्रेस अक्षताच्या कांजूरमार्गच्या घरी आला. मोतिया रंगाचा, पायघोळ, गळ्याला बारीक चुण्या. बुटिकच्या इरावती मॅडमनी बजावलं होतं, चार चांगले फोटो हवेत, सहाला माणूस येईल, ड्रेस दिला तस्सा परत. फोटो पसंत पडले तर दर महिन्याचं काम, आणि दर महिन्याला एक ड्रेस कायमचा अक्षताचा. श्रुतिकाने स्वतः जामीन राहून हे काम मिळवून दिलं होतं.

फोटो काढायला उरली आई. अक्षता सकाळपासून जुना कुर्ता घालून तिच्याकडून तालीम करून घेत होती आणि एव्हाना तिच्या स्वतःच्याच नाकी नऊ आले होते. बावीस फोटोंपैकी सतरांत पाय कापलेले, चारांत आईचा अंगठा, आणि जो एक धड होता त्यात मागे शेजाऱ्यांची लाल बादली.

"आई, पाय दिसायला हवेत गं. चपलेपर्यंत."

"पाय कित्याक? तोंड बघतत लोक."

"तोंड नाही बघत, कपडे बघतात! आणि तीन म्हटल्यावर दाब ना, दोनलाच काय दाबतेस?"

सगळा भार एका पायावर, हनुवटी किंचित खाली, नजर दुसरीकडे, अशी अक्षता उभी राहिली की आई मोबाईल खाली घेऊन विचारायची, "कंबर दुखता काय गो?" अक्षताला रडू यायचं बाकी होतं. बरं, पुन्हा पुन्हा करत बसायला वेळही नव्हता. बिल्डिंगच्या दोन्ही बाजूंना टॉवर उठले होते. त्यांच्या फटीतून चार ते साडेचार असं अर्धा तास ऊन यायचं, तेवढंच कंपाउंडच्या पिवळ्या भिंतीवर पडायचं. त्या अर्ध्या तासात काय ते जमवायचं होतं.

पावणेचारला तोंड धुऊन ती ड्रेस घालायला आत गेली आणि तिथूनच किंचाळली.

गळ्याच्या पट्टीवर, अगदी समोर, हळदीकुंकवाचं बोट ओढलेलं होतं.

"हे काय केलंस तू?"

आई दारात आली. तिला अजून काही कळलंच नव्हतं. "काय म्हणजे? लेबल तसाच होता, म्हणजे कोरो ड्रेस. नवो कपडो कोरो घालूचो नाय. तुझो पयलोच ड्रेस घरात इलो, म्हणून देवाकडे ठेवून हळदकुंकू लावलंय."

"माझा नाहीये तो! दुकानाचा आहे, सहाला परत द्यायचाय! काही कळतं का तुला? वाट लावलीस सगळ्याची!"

बोलून गेल्यावर तिला ते ऐकू आलं, पण राग एवढा होता की थांबवेना. आईने अक्षताच्या हातातून ड्रेस घेतला, मोरीवर गेली आणि गळा साबणाने चोळायला लागली. कुंकू निघालं. हळद मात्र साबण लागताच लाल झाली, डाग पहिल्यापेक्षा भडक दिसायला लागला.

"ऊन लागला की उडतला," आई खाली मान घालून म्हणाली. "हळद उन्हात टिकत नाय."

चार वाजले. भिंतीवर ऊन आलं होतं. अक्षताने दहा वेळा हिशेब मांडला. गळ्यावर ओढणी घेऊन ओल्या ड्रेसात फोटो काढले तर डाग तसाच राहणार, आणि सहाला माणूस येण्याआधी तो घालवायला दुसरं ऊन कुठून आणणार? फोटो गेले तर तिचं एकटीचं काम जाणार होतं, डाग गेला नाही तर श्रुतिकाचाही शब्द जाणार होता. तिने दात-ओठ खात ड्रेस उचलला, खाली गेली आणि जिथे ती पोज देऊन उभी राहणार होती तिथेच, त्या पिवळ्या भिंतीशी, तो दोन्ही हातांनी उन्हात धरून उभी राहिली. खांदे भरून आले. एवढं सुंदर ऊन गेल्या महिनाभरात पडलं नव्हतं, आणि ते सगळं त्या बोटभर डागावर खर्च होत होतं. तिला आईचा राग येत होता, टॉवरांचा येत होता आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येत होता.

साडेचारला ऊन सरकलं. डागही गेला होता, पार गेला होता.

तिने मॅडमना कळवलं की फोटो होऊ शकले नाहीत, ड्रेस तयार आहे. उत्तर लगेच आलं. "ओके. माणूस सहाला येईल. यापुढे राहू दे."

वर आईने ड्रेसला हलक्या हाताने इस्त्री केली. मग इस्त्री बाजूला ठेवत विचारलं, "मगे तो मोरपंखी? दिवाळीचो जरीचो?"

"तोही गेला परत."

"आणि बाकीचे?"

"सगळे."

आईने मान हलवली. उठून तिने कपाटाचा डावा पल्ला उघडला. हा पल्ला अक्षताने कित्येक दिवसांत उघडला नव्हता. आतले दोन्ही कप्पे रिकामे होते, पुसून वर्तमानपत्र अंथरलेले. वरच्या दांडीला सहा नवे हँगर लटकत होते. आईच्या साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत कधी गेल्या, ते तिला कळलंही नव्हतं.

"श्रुतिकाकडे किती दिवस ठेवशीत, म्हणून केलंय जागा," आई म्हणाली.

तिने ड्रेस हँगरवर चढवला, चुण्या नीट केल्या आणि दांडीला अडकवला. सहाला अजून वेळ होता.

"माणूस येयपर्यंत ऱ्हांदे हयच."