गुरांच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं

जनावरांचा डॉक्टर निवृत्त झाला की मित्र त्याच्याकडे किस्से मागतात. माणसांच्या डॉक्टरला असं कुणी विचारत नाही, कारण त्याचे पेशंट गावातच फिरत असतात आणि सगळं ऐकत असतात. माझ्या पेशंटांनी आजवर कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे किस्से साठत गेले.

साठच्या दशकात मी पालघरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. सगळे 'गुरांचा दवाखाना' म्हणत, आणि होताही तो गुरांचाच. कुणी कुत्रं-मांजर घेऊन आलं की आवारातले शेतकरी आपले बैल सोडून ते बघायला जमत. माझ्या मदतीला महादू ड्रेसर. कमी बोलायचा आणि पेशंट घट्ट धरायचा. या नोकरीत तेवढं पुरतं.

* * *

दातिवऱ्याची हिराबाई एकदा मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आली. टोपलीवर जाळं बांधलेलं, आत एक बोका. बोक्यानं गळाला लागलेला मासा गळासकट ओढला होता आणि गळ गालातून आरपार घुसला होता.

गळ मागं ओढून निघत नाही. त्याच्या टोकाला उलटा काटा असतो. म्हणून तो पुढं काढून टोक तोडावं लागतं आणि मग उरलेला मागं घ्यायचा. मी भूल दिली, महादूनं पक्कड आणली.

हिराबाई पक्कड बघून पुढं आली.

"डाक्टर, गल तोडू नको."

मी समजावलं की तोडला नाही तर मांजराचा गाल फाटेल, कायमचं वाकडं तोंड होईल.

"मांजर शेजारनीचा हाय," ती म्हणाली. "गल आमचा हाय."

* * *

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि काही परदेशी कुटुंबं तिथं राहायला आली होती. त्यातल्या एक मॅडम पांढरी मांजरी घेऊन आल्या. पिल्लं नकोत, ऑपरेशन करा, म्हणाल्या. याआधी किती केलीत, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. बैल शेकड्यानं केले, बोके थोडे केले, पण मांजरी कॉलेज सुटल्यापासून ही पहिलीच.

त्यांनी जरा विचार केला. मग घाई करू नका, असं म्हणून त्या बाहेरच्या बाकावर पुस्तक उघडून बसल्या.

मी घाई केली नाही. ऑपरेशन नीट झालं. मांजरी शुद्धीवर आली तेव्हा मॅडम गाढ झोपल्या होत्या.

* * *

बोईसरचे शिंदे फोरमन मूळचे सांगलीकडचे. धिप्पाड गडी, मिशा अशा की मजूर लांबूनच सलाम करत. त्यांचा टायगर नावाचा कुत्रा बांधकामाच्या कॅम्पभर मारामाऱ्या करत हिंडायचा, म्हणून त्याला खच्ची करायचं ठरलं. टायगरला आपल्याशिवाय कुणी धरायचं नाही, ही त्यांची अट.

टायगर शांतपणे भूल घेऊन झोपला. मी पहिला छेद दिला आणि मागं धाडकन आवाज आला. फोरमन आडवे झाले होते. पडताना टेबलाचा कोपरा कपाळाला लागला होता.

महादूनं एकदा खाली बघितलं, एकदा टेबलावर.

"साहेब," तो म्हणाला, "आता कुणाला धरू?"

कुत्र्याचं काम मी पुरं केलं. फोरमनना कॅम्पच्या जीपमधून सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांच्या कपाळाला टाके पडले. आता हे दिवस असे, की भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला. जीपच्या ड्रायव्हरनं कॅम्पमध्ये एवढंच सांगितलं, "साब ऑपरेशन के टाइम बेहोश हो गए." पुढचं लोकांनी आपापलं जुळवलं. साहेबांनी नसबंदी करून घेतली, तीही गुरांच्या दवाखान्यात, ही बातमी संध्याकाळच्या आत बोईसरभर झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सौभाग्यवती माझ्याकडे आल्या. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, चेहरा कठोर. नवरा कपाळाला पट्टी बांधून पडलाय, धड काही सांगत नाही, आणि शेजारणी येऊन समजूत घालून जातायत, असं त्यांनी सांगितलं.

"डॉक्टर, खरं सांगा. ऑपरेशन नक्की कुणाचं झालं?"

मी म्हटलं, कुत्र्याचं.

"मग टाके?"

खोटं बोलायची मला सवय नव्हती. "टाके दोघांनाही पडलेत," मी म्हटलं.

* * *

मनोरच्या बाजूच्या डोंगरातून लखमा नावाचा माणूस आला तो पाठीला झोळी बांधून. झोळीत त्याचा काळा कुत्रा. नाचणीच्या तुकड्यात शिरलेल्या रानडुकरानं कुत्र्याचं पोट फाडलं होतं. बाहेर आलेली आतडी लखमानं ओल्या फडक्यात गुंडाळून, हातानं सांभाळत चालत आणली होती.

मी बघितलं आणि याला त्रास देऊ नये, शांत झोपवावं, असं त्याला सांगितलं.

"मरायचा तं मरंल," तो म्हणाला. "तू शिव."

आतडी फाटलेली नव्हती. कोमट मिठाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतली, आत सरकवली, एकेक थर शिवला. महादू भुलीचं फडकं धरून उभा. लखमा व्हरांड्यात उकिडवा बसला होता. चारपाच दिवस तो तिथंच राहिला. मग एका सकाळी कुत्र्याला झोळीत घालून निघून गेला. टाके काढायला आलाच नाही. मी धरून चाललो की संपलं.

कित्येक वर्षांनी मनोरच्या बाजारात तो दिसला. मी कुत्र्याचं विचारलं.

"मेला," लखमा म्हणाला.

माझा चेहरा पडला असणार. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हातारा झालता."

टाके कुणी काढले, हेही मी विचारलं.

"त्यानंच."

* * *

उमरोळीच्या स्टेशनमास्तरांचं कुटुंब नाशिकला. इथं ते आणि राणी नावाची कुत्री. राणी पुढं बरीच वर्षं त्या फलाटावर होती, हे आधीच सांगतो, म्हणजे काळजी नको.

राणी विणीला अडली होती. मास्तरांनी पालघर स्टेशनला फोन केला, तिथला पोर्टर धावत माझ्याकडे आला. मी सायकल काढली, महादू पेटी घेऊन कॅरियरवर बसला. पोचलो तर पहिलंच पिल्लू आडवं. पोट उघडल्याशिवाय इलाज नव्हता आणि राणीला पालघरला नेण्याइतका वेळ नव्हता. मास्तरांनी तिकीट ऑफिसचं टेबल रिकामं केलं. स्टोव्हवर अवजारं उकळली, पोटाला बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि सुरुवात केली.

अशी काढलेली पिल्लं मलूल असतात. कोरड्या कापडानं चोळत राहावं लागतं, तेव्हा कुठं श्वास घेतात. माझे हात गुंतलेले. महादूनं राणीला धरलेलं. मास्तर राणीच्या डोक्याशी वाकलेले, तिथून हलायला तयार नव्हते. तेवढ्यात तिकिटाच्या खिडकीतून एका कोळणीनं हात आत घातला. "दे हिकडं," म्हणाली.

मी पहिलं पिल्लू खिडकीतून दिलं. तिनं पदरात घेऊन चोळायला घेतलं. दुसरं केळव्याच्या एका पानवाल्यानं घेतलं. तिसरं एका भटजींनी, आपल्या पंच्यात. मग पहिलं पिल्लू कुंईं करून ओरडलं आणि कोळणीनं लगेच पुढच्या पिल्लासाठी हात आत घातला.

विरारकडे जाणारी पॅसेंजर आली, थांबली. कुणी चढलं नाही. गार्ड उतरून खिडकीपाशी आला आणि गाडीला पॅसेंजर का नाहीत, असं मास्तरांना विचारू लागला.

मास्तरांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"पाच झालेत," ते म्हणाले. "सहावं येतंय. तुम्ही व्हा पुढं."