झालं म्हणजे काय झालं

समजा, तुम्ही ड्रायव्हर आहात. गाडीचे नव्हे. कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात बसलेला तो लहानसा प्रोग्राम, जो मजकुरातलं एकेक अक्षर तारेतून पुढे सोडतो. वरून कुणीतरी पानभर मजकूर तुमच्या हवाली करतं आणि लगेच हुकूम सोडतं: फ्लश. तुम्ही काय कराल?

प्लंबरच्या मुलीला यात डोकं खाजवण्यासारखं काही वाटलंच नाही. तिचं बालपण संडासाच्या टाक्या आणि वॉशर यांच्या पसाऱ्यात गेलेलं. फ्लश म्हणजे खटका दाबायचा, आत असेल ते घालवून टाकायचं. आपल्या पहिल्यावहिल्या ड्रायव्हरमध्ये तिने तेच केलं. हुकूम आला की तारेत जाण्यासाठी रांगेत उरलेली, फार तर ओळभर अक्षरं पुसायची आणि वर कळवायचं, झालं.

तो ड्रायव्हर रक्त तपासणाऱ्या यंत्रासाठी होता. चाचणीत रिपोर्ट छान छापून यायचा, फक्त शेवटची ओळ गायब. नेमकी साखरेची. तिने तार बदलली, प्रिंटर बदलला, चार दिवस जंग जंग पछाडलं. शेवटी ऑफिसातल्या सरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर काम दुसऱ्याच्या हाती जाणार होतं. तिच्या वडिलांचं काम त्यांच्या कानावर आलं होतं; वर म्हणाले, "नळवाली, पाणी कुठं मुरतंय ते तुला नाही तर कुणाला कळणार?" सगळे हसले. तीही हसली, पण ते तिला लागलं.

रविवारी बाबांचा मदतनीस आला नाही, म्हणून ती त्यांच्याबरोबर गेली. तीन मजल्यांच्या इमारतीत त्यांनी नवे पाइप टाकले होते. लाइन फ्लश करायचीय म्हणून त्यांनी तिला वरच्या मजल्यावरचा शेवटचा नळ उघडायला पाठवलं. नळ आधी खोकला, मग गढूळ पाणी आलं. तिने फोन लावला.

"बाबा, झालं. बंद करते."

"स्वच्छ आलं का?"

"थोडं गढूळ आहे अजून."

"मग झालं कसं? पाइपात आहे ते सगळं या टोकाला बाहेर पडल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, पोरी."

नळावरचा हात तसाच राहिला. पाणी कधीच नितळ झालं होतं, तरी तिला भान नव्हतं. फ्लश म्हणजे फेकणं नव्हतं, थांबणं होतं. आणि हा अर्थ तिच्या घरातच होता.

सोमवारी तिने फ्लशच्या हुकमालाही त्याच रांगेत उभं केलं, आधी आलेल्या सगळ्या मजकुराच्या मागे. पुढचं सगळं गेलं, त्याची पाळी आली, की मगच झालं म्हणायचं. प्रिंटर करकरला आणि कागदाच्या तळाशी साखर उमटली. सरांनी कागद दोनदा वाचला आणि हे कुठं शिकलीस म्हणून विचारलं.

"वडिलांकडे," ती म्हणाली. "ते प्लंबर आहेत."

कॉलेजात ती 'त्यांचा स्वतःचा धंदा आहे' एवढंच सांगायची. नळवाली हे नाव पुढेही चिकटून राहिलं. आता ती त्याला मान वर करून ओ देते.

एक गोष्ट मात्र तिला अजून छळते. ड्रायव्हरचं काम अक्षर तारेवर सोडणाऱ्या चिपच्या हाती देण्यापर्यंतच. तिथून पुढे चिप आहे, तार आहे, पलीकडचा प्रिंटर आहे. बाबांच्या लाइनीच्या टोकाला ती उभी होती, स्वच्छ आलं हे सांगायला. तिच्या तारेच्या टोकाला कोण उभं आहे?