पलीकडच्या काठाला दिलेलं आवतण

अशा सदरांतले अनुभव मी चवीनं वाचते, पण विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. एखादीनं लिहिलं की मला पायऱ्यांवर कोणी दिसलं, की मी म्हणते — बाई, रात्री जड जेवली असशील! मी स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. उमरखेडात आणि आसपासच्या खेड्यांत लग्नाचं रांधलं, बारशाचं रांधलं, तेरवीचं तर किती रांधलं. ज्याची तेरवी तो कधी चुलीपाशी येऊन ‘भाजीत मीठ कमी आहे’ म्हणाला नाही.

तेव्हा घाबरायला म्हणून वाचत असाल तर राहू द्या. त्या दिवशी मला भीती वाटलीच नाही. लाज वाटली. ती अजूनही जात नाही.

कापसानं सगळ्यांना रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. आमचे हे जिनिंगमध्ये कामाला होते आणि जिनिंग बंद पडलेली. त्यातच माझी नणंद सुनंदा, तिची सोयरीक कळंबकडच्या मुलाशी जुळत आली. मुलगा विलास, शाळेत मास्तर. उन्हातान्हात भटकायची भारी हौस. पोरांना घेऊन रानात शिबिरं करायचा. पाहुणचाराचं बोलणं निघालं तेव्हा तोच म्हणाला, “हॉल-बिल कायले करता? तळ्यावर जाऊ. आमी दोस्त आदल्या दिवशी येऊन तंबू टाकतो, तुमी रोडगे करा.”

आमच्या मनावरचं ओझंच उतरलं. हॉल आम्हाला झेपणारा नव्हता, हे त्याला कळलं असावं. पण त्यानं तसं दाखवलं नाही.

उमरखेडहून फुलसावंगीच्या अंगाला एक तलाव आहे. काठाला वन खात्यानं बाग केलेली... दोन झोपाळे, सिमेंटचे बाक, चौकीदाराची खोली आणि मागं सागाचं रान. पलीकडच्या काठाला मात्र बाग नाही, घर नाही. डोंगर उतरून थेट पाण्यात येतो. आम्ही सकाळीच पोचलो. विलास आणि त्याचे तीन दोस्त तंबूबाहेर चहा पीत बसले होते. निळे-पिवळे तंबू पाहून सुनंदा अशी लाजली, जसं काही तिचं घरच मांडून ठेवलं होतं.

आता रोडगे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाडसर कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. मी भरपूर केलं होतं. दिवस कसेही असोत, माझ्या हाताखालून पाहुणा अर्धपोटी उठत नाही, हा माझा तोरा. पीठ माहेरून आणलं, तूप शेजारणीकडून. पण कमी नाही केलं.

दुपार झाली. पाहुणे आले, विहीणबाईंची ओटी भरली, मुलाला नारळ-टोपी दिली. मी एकटी चुलीपाशी. रोडग्यांचं टोपलं धडप्यानं, जुन्या फडक्यानं, झाकलेलं, भाजीचा गंज काठोकाठ. पदरानं घाम पुसत वर पाहिलं तर पलीकडच्या काठावर माणसं बसलेली. एका ओळीत, पाण्याकडं तोंड करून. बाया, पुरुष, दोन-चार लेकरं. मला वाटलं, आले असतील कोणी सहलीला.

आमच्याकडं रीत आहे. जेवणाच्या वेळी माणूस दिसला की हाक द्यायची. तो ‘होऊ द्या’ म्हणतो, आपण जेवायला बसतो. कोणी खरंच येत नाही आणि यावं असं कोणाला वाटतही नाही! तशी मीही हात वर करून ओरडले, “या जी! जेवाले या!”

‘होऊ द्या’ काही आलं नाही. ती सगळी माणसं उठून उभी राहिली. एकदम. लेकरंसुद्धा.

विलास पाणी न्यायला आला होता. त्यानंही पाहिलं. हसून म्हणाला, “वहिनी, हे तं निघाले वाट्टे. आता काय करता?”

“येऊ द्या ना,” मी म्हटलं. “माह्या हातचं कमी पडते काय कधी?”

पंगत बसली. पहिली पाहुण्यांची, विलासचे वडील मध्ये. मी वाढायला टोपलं उचललं. सहा-सात जणांना वाढलं असेल... धडप्याखाली हात घातला तर हाताला नुसती राख. मी धडपा ओढला. टोपलं रिकामं. भाजीत पळी घातली तर बुडाला खर्रकन लागली. वरणाचं तेच.

देवाशप्पथ सांगते, मी जागची हलले नव्हते. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

विलासच्या वडलांच्या पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड. ते हात धुऊन बसले होते. त्यांच्या पुढची अख्खी ओळ तशीच. मी रिकामं टोपलं कमरेला लावून उभी, आणि सगळे माझ्याकडं पाहून राहिलेले. धरणीमाय फाटली असती तर बरं झालं असतं.

विहीणबाई फार चांगल्या बाई. त्या हळूच म्हणाल्या, “होते जी असं. दिवसच तसे आहेत. आमाले समजते.”

शिवी दिली असती तर मी सोसली असती. त्या ‘समजते’नं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या ह्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. आणि सासूबाई... त्या उठल्या, माझ्या पिशव्यांपाशी गेल्या आणि डबे उघडून पाहू लागल्या. सगळ्यांसमोर. मी माहेरी न्यायला काही राखून ठेवलंय की काय म्हणून! पाहुण्यांतला कोणी काका बोललाच, “जेथं पंगत पुरत नाही, तेथं पुढचं कसं पुरन?” सुनंदा ताडकन उठून पाण्याकडं गेली. तिचं लग्न तिथंच, त्या चुलीपाशी मोडून राहिलं होतं.

मी तिच्या मागं धावले. विलासही आला.

पाण्याच्या कडेला, ओल्या मातीवर, पत्रावळी मांडलेल्या. आम्ही बाजारातल्या आणलेल्या. या हिरव्या पळसाच्या पानांच्या, ताज्या टोचलेल्या. जेवलेल्या. वांग्याचे देठ, तुपाचे डाग, रोडग्याचा चुरा. मीठ तेवढं कोणी खाल्लं नव्हतं. टोकाला दोन-चार लहान पानं, लेकरांची असावीत तशी. आणि चिखलात पाऊल म्हणून एक उमटलेलं नव्हतं... माणसाचंही नाही, वानराचंही नाही. पलीकडचा काठ रिकामा.

सुनंदानं माझा हात घट्ट धरला. “वहिनी, चाला, सर्वायले दाखवू!”

“नको,” विलास म्हणाला. “पाह्यतीन अन् म्हणतीन, कमी पडलं तं भुतावर लोटलं. तुमच्याकडच्याची अजून फजिती.” बोलता बोलता त्यानं एकेक पत्रावळ पाण्यात सरकवली. वाऱ्याची झुळूक नव्हती. पण त्या पत्रावळी रांगेनं, एकीमागं एक, पलीकडच्या काठाकडं गेल्या.

मग तो वर गेला आणि भर पंगतीत वडलांसमोर उभा राहिला. “बाबा, चूक माही हाय. रातीपासून आमी उपाशी होतो. ओटी भरणं चालू होतं तवा मीच टोपलं अन् भाजी तंबूत नेली. आमी चौघायनं सारं हाणलं. वहिनीले मालूमच नाही.”

त्याचे दोस्त तोंड उघडं टाकून पाहत राहिले. एकानं तर ‘अबे’ म्हटलंही, पण विलासनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप.

वडील क्षणभर लाल झाले. आणि मग जे हसले! “अरे भस्म्या! सासरी पाय ठेवाच्या आधी सासर खाल्लं त्वा!” सगळी पंगत हसली. काकाही हसला. चौकीदाराकडून चुरमुरे आणले, चहा झाला आणि लग्नाचा महिना ठरवूनच पाहुणे उठले. सासूबाईंनी माझे डबे बंद करून ठेवले.

निघताना मी चौकीदाराला विचारलं, पलीकडं कोण येतं. तो म्हणाला, “तिकडं कोन येते बाई? रस्ताच नाही.”

नंतर मी मनाला खूप समजावलं. माझाच अंदाज चुकला असेल, म्हटलं. पण आजवर असा चुकला नाही, आणि चुकला तरी पत्रावळींचं काय? पोरांनी खरंच खाल्लं असेल, असंही एकदा मनात आणून पाहिलं. मग लग्नानंतर विलासला एकांतात विचारलं. तो म्हणाला, “वहिनी, आमाले रोडग्याचा वासही नाही भेटला त्या दिवशी.” याहून जास्त मला आजही माहीत नाही.

मला त्या दिवशी पंगतीत एवढंच म्हणायचं होतं — नाही, या पोरानं काही खाल्लं नाही. साधं वाक्य. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण सगळे हसत होते, माझ्यावरचं बालंट उतरलं होतं आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी ते गिळलं. तेव्हा भीड होती. नंतर सवय झाली.

आता दोघांना दोन मुलं आहेत. दर सणाला आमच्याकडं येतात. पंगत बसली की कोणीतरी ओरडतंच, “जवाईबापूपासून टोपलं दूर ठेवा जी!” सासूबाई हसतात, मुलंही बापाला हसतात. मुळात तो मोजून दोन पोळ्या खाणारा माणूस. तोही हसतो. मी वाढत वाढत त्याच्यापाशी येते आणि तो पत्रावळीवर हात आडवा धरून म्हणतो, “बस वहिनी, झालं माहं.” मला आग्रहसुद्धा करवत नाही.