आमच्या खानदानात असलं कुणी नाही!

आमच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, टेबलावर आपोआप साचतात. चहाचे कप निदान कुणीतरी उचलतं, किस्से तिथेच राहतात.

मी लातूरच्या एका क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही, बूड एका जागी टेकत नाही, त्यांच्या घरच्यांकडून मी खानदानाचा तक्ता भरून घेते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. लहानपणी कुणी असंच चंचल असेल तर त्याचा चौकोन किंवा तिचा गोल पेन्सिलीने काळा करायचा. कारण हा प्रकार बऱ्याचदा घराण्यातूनच उतरतो.

आता आपल्याकडे खानदानाची चौकशी होते ती सोयरीक जमवताना! त्यामुळे तक्ता दिसला की भलेभले मुलीच्या बापासारखे जपून बोलायला लागतात. सहा वर्षं मी त्यांना मनसोक्त हसले. सातव्या वर्षी तक्त्यावर माझ्याच लेकीचं नाव आलं. ते शेवटी सांगते.

*

निलंग्याच्या एका मुलाचे वडील. "आमच्या खानदानात असलं कुणी न्हाई, मॅडम. पोरगं आईवर गेलंय."

एवढं सांगेपर्यंत ते तीनदा उठले. एकदा गाडी जागेवर आहे का बघायला, एकदा पंखा कमी करायला. तिसऱ्यांदा कशाला, ते त्यांनाही आठवेना.

आमच्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "लिही, वडील: नाही. पुढे कंसात लिही, उभ्याने सांगितलं."

*

मुरुडहून एका मुलासोबत त्याचा मामा आणि आत्या, दोघंही आले. आत्या म्हणे मामाकडून आलं, मामा म्हणे आत्याकडून. आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला.

मॅडमनी समजावलं, "अहो, हे एका जीनचं काम नाही. पुष्कळ जीनचा थोडा थोडा वाटा असतो. दोन्हीकडून येऊ शकतं. यात कुणाचाच दोष नाही."

मामा जरा निवळला. म्हणाला, "मग असं करा. सातबाऱ्यावर दोघांची बी नावं लावा!"

*

महिन्यातून एकदा आम्ही नांदेडला शिबिर घेतो. तिथे एक आजोबा नातीला घेऊन आले. "आमच्यात समदे ठणठणीत," त्यांनी आधीच जाहीर केलं.

मी म्हटलं, "बरं, नुसती माणसं सांगा."

"थोरला भाऊ शाळेतून रोज पळून जायचा. मधल्यानं तीन दुकानं टाकली, तिन्ही सोडली. धाकट्यानं दोन विहिरी खांदायला काढल्या, दोन्ही अर्ध्या. चुलता सोताच्या हळदीला उशिरा आला."

मी चौकोनामागून चौकोन काळा करत होते. चुलत्यापाशी पेन्सिलीचं टोक मोडलं.

आजोबा तक्त्यात डोकावून म्हणाले, "लई काळं करून राहिल्या, मॅडम. आजारी तर कुणीच न्हाई!"

*

आणि मग आमची अन्वी. तिसरीत. वर्गात बसल्या जागी तिची खुर्ची फिरते, डबा बसमध्ये राहतो, गणित अर्ध्यात सुटतं. शाळेने सांगितलं, रिपोर्ट आणा, मगच पुढच्या वर्षीचं बघू. त्या दिवशी घरी येऊन अन्वीने विचारलं, "आई, मी वाया गेलेय का?" मी तिची वेणी घालत राहिले.

तक्ता भरायची वेळ आली तेव्हा मी काय केलं? माहेरची बाजू कोरी ठेवली! नवरा, अविनाश, शेजारीच बसला होता. त्याच्यासमोर पेन्सिल पुढे सरकेना. मॅडम म्हणाल्या, "माहेरी सगळे देव आहेत का गं? वडिलांना बोलव."

बाबा कंधारहून पहिल्या गाडीने आले. इस्त्रीचा सदरा, जावयाशेजारी ताठ बसलेले. अन्वी टेबलाखाली घुसून पेन्सिली मोजत होती.

"तुमची मुलगी लहानपणी कशी होती?" मॅडमनी विचारलं.

"एकदम शांत! जिथं बसवली तिथंच बसायची. लग्नाच्या वेळी सांगितलं तेच आज बी सांगतो."

टेबलाखालून आवाज आला, "आजोबा, तुम्ही तर म्हणालात, आईला बाई रोज वर्गाबाहेर उभं करायच्या. ती माझ्यासारखीच होती, म्हणून मी पण तिच्यासारखी मॅडम होणार!"

माझे डोळे भरून आले. मी तक्ता ओढला, पेन्सिल घेतली आणि माझा गोल काळा केला, चांगला गच्च. अविनाश तोंडावर हात धरून हसत होता.

बाबा घाईने पुढे झुकले. "डॉक्टर, ते लग्नाच्या आधीचं हाय. ते लिहू नका."

मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "माझा चौकोन बी काळा करून टाक. पण जरा थांब. जावईबापूंना आधी चहाला बाहेर जाऊ दे."